पावतीकाका

लग्नाला आलेल्या पावतीकाकांना शोधायचं असेल तर सरळ आइस्क्रीमच्या टेबलाकडे जावं. बुफेच्या रांगेत ते कोणाला गाठत नाहीत. हातात रिकामी ताटली असलेला माणूस कोणाच्या बापाचं ऐकत नाही, असा त्यांचा अनुभव. आइस्क्रीम घेतलेला माणूस मात्र जागचा हलत नाही. पोट भरलेलं, मन निवांत, आणि तोंडात चमचा असल्यामुळे ‘नाही’ म्हणायला त्याला अंमळ उशीर होतो. तेवढ्या वेळात काकांनी पावतीवर त्याचं आडनाव लिहिलेलं असतं. आडनाव पडलेली पावती फाडून टाका म्हणायला पुण्याचा माणूस धजत नाही. कागद वाया जातो.

त्यांचं खरं नाव सोसायटीच्या बोर्डावर आहे, पण मेंटेनन्स थकवणाऱ्यांच्या यादीत ते कधीच नसल्यामुळे कोणी वाचत नाही. बाहेर सोडलेला पांढरा बुशशर्ट, खांद्याला शबनम, खिशाला दोन पेनं. एक स्वतःचं, एक देणगीदाराचं. चेकवर सही करायची वेळ आली की भल्याभल्यांची पेनं घरी राहतात, म्हणून ही सोय. चेक कमी झाले तेव्हा त्यांनी क्यूआर कोडचं लॅमिनेट केलेलं कार्ड गळ्यात अडकवलं. ‘इथं रेंज नाही हो’ म्हणणाऱ्यांसाठी ते स्वतःच्या मोबाइलचा हॉटस्पॉट चालू ठेवतात. अशा माणसाच्या तावडीतून सुटायचं तर एकच मार्ग, आधीच दिलेली पावती दाखवणे. मी ती पाकिटात ठेवतो. गाडीच्या पीयूसीशेजारी.

काका पैसे गोळा करतात ते लहान मुलांच्या डोळ्यांच्या आजारांवरच्या संशोधनासाठी. शहरातल्या एका नेत्ररुग्णालयाचा संशोधन विभाग आहे, त्याच्यासाठी. आता पाहा, ‘लहान मुलं’ म्हटलं की समोरच्या आजी चष्मा पुसायला घेतात. ‘डोळ्यांचे आजार’ म्हटलं की आजोबांचा हात खिशात जातो. ‘संशोधन’ म्हटलं की तो हात मोबाइल घेऊन बाहेर येतो.

“म्हणजे ऑपरेशनं करता का तुम्ही?”

“ऑपरेशनं हॉस्पिटल करतंच. हा पैसा संशोधनाला.”

“हो, पण ह्यातनं किती ऑपरेशनं होतील?”

“एकही नाही. आजार का होतो ते शोधायचं आहे.”

“मग सापडलं का?”

“सापडलं असतं तर शोधलं असतं का?”

बहुतेक देणग्या या ठिकाणी बुडतात.

दोष देणगीदाराचा आहे असं मी म्हणणार नाही. मोतीबिंदूच्या शिबिराला पैसे दिले की तुमच्या हातात फोटो पडतो: डोळ्यावर हिरवी पट्टी बांधलेले आजी-आजोबा ओळीने बसलेत, मध्ये नगरसेवक, कोपऱ्यात तुम्ही. अमुक रुपयांत एक डोळा, असा सरळ हिशेब. संशोधनाचा फोटो मागितला तर येतो तो ॲप्रन घातलेल्या एका मुलीचा, हातात काचेची नळी. एका देणगीदाराने तो फोटो उलटसुलट करून विचारलं होतं, “ह्यात पेशंट कुठाय?” शिवाय संशोधनाला खरं यश आलं तर काय होतं? एक पोर आंधळं होत नाही. आंधळं न झालेलं पोर शेजारच्या पोरासारखंच दिसतं. त्याचा काय फोटो काढणार?

फोटोवरून आठवलं. मागे कोणीतरी माहितीपत्रकावर रडणाऱ्या आंधळ्या बाळाचं चित्र छापायचं सुचवलं. वसुली तिप्पट होईल म्हणाले. काका म्हणाले, “छापू की. आधी त्या बाळाच्या आईबापाला विचारून या, आणि येताना तुमच्या नातवाचाही एक आणा.” चित्र बारगळलं. वसुली एकपटच राहिली.

‘वसुली’ हा त्यांचा मूळ धंदा. एका सहकारी बँकेच्या वसुली विभागात त्यांची उभी नोकरी गेली. लोकांना वाटतं, एवढ्या तळमळीने फिरतात म्हणजे घरात काहीतरी घडलेलं असणार. आवाज खाली आणून विचारतात, “घरात कोणाला…?” काका स्वच्छ सांगतात, “छे, सगळ्यांचे डोळे ठणठणीत आहेत.” हे ऐकून लोकांचा जो विरस होतो तो बघण्यासारखा असतो. पाच हजार देणारा हजारावर येतो. ‘एखादा पुतण्या सांगत जा’ असा सल्ला त्यांना एका निवृत्त मुख्याध्यापकांनीच दिला. काका म्हणाले, पुतण्या सांगितला की त्याचं नाव, वय, डॉक्टर सगळं लक्षात ठेवावं लागेल. मला आठशे पॅन नंबर लक्षात ठेवायचे असतात.

खरी हकिगत अगदीच बँकेतली आहे. त्या संशोधन विभागाने तान्ह्या बाळांच्या डोळ्यांचा पडदा टिपणारा कॅमेरा कर्ज काढून घेतला होता. परदेशी यंत्र, किंमत पेठेतल्या फ्लॅटएवढी. हप्ते थकले आणि काका ब्रीफकेस घेऊन दारात उभे राहिले. डॉक्टर मॅडम म्हणाल्या, बसा, एवढं एक बाळ तपासते. काकांनी पडद्यावर पाहिलं. मुठीएवढ्या बाळाचा डोळा, त्यात नारिंगी उजेड, आणि त्यावरून निघालेल्या रक्ताच्या बारीक वाहिन्या मध्येच थांबलेल्या.

पूर्ण दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळाचं हेच असतं. रक्तवाहिन्या डोळ्याच्या पडद्याच्या कडेपर्यंत पोचायच्या आत बाळ बाहेर येतं. मग उरलेली वाढ बाहेरच्या जगात होते आणि कधीकधी वेडीवाकडी होते. पडदा ओढला जातो, सुटतो, आणि नजर कायमची जाते. वेळेत पाहून लेझर दिलं तर बहुतेक डोळे वाचतात. वेळ म्हणजे किती, तर जन्मापासून तीस दिवसांच्या आत पहिली तपासणी, फारच लहान बाळ असेल तर त्याही आधी. हे सगळं ऐकून घेऊन काका म्हणाले, “तरी हप्ता भरावाच लागेल.” आणि संध्याकाळी तो गोळा करायला स्वतःच निघाले. ओळखीच्या थकबाकीदारांकडे गेले. बँकेची थकबाकी मागायला आला नाही, एवढ्याच आनंदात लोकांनी देणग्या दिल्या. काकांनी एका हाताने देणगीची पावती केली, दुसऱ्या हाताने हप्त्याची. वसुली अधिकारी म्हणून त्यांचा तो महिना फार चांगला गेला. निवृत्तीनंतर एक हात मोकळा झाला, एवढाच फरक.

तेव्हापासून ‘दोन किलो, चौतीस आठवडे, तीस दिवस’ हे ते पाढ्यासारखं म्हणतात. दोन किलोच्या आतलं किंवा चौतीस आठवड्यांच्या आत जन्मलेलं बाळ असेल तर तीस दिवसांत डोळे दाखवा. बारशाला गेले की पेढा तोंडात टाकायच्या आधी बाळाचं जन्मवजन विचारतात. यजमानीणबाईंना वाटतं कौतुकाने विचारलं.

“अमेरिकेत लागतील की शोध, आपण आयते वापरू,” हा आक्षेप त्यांना सगळ्यात आवडतो, कारण याचं उत्तर त्यांच्याकडे तयार आहे. अमेरिकेत साधारण दीड किलोच्या आतली बाळं तपासतात. तोच आकडा आपण आयता वापरला तर आपल्याकडचं पावणेदोन किलोचं बाळ जाळ्यातून निसटतं. आपल्याकडे जरा मोठ्या, वजनदार बाळांनाही हा आजार होतो. “हे कोणी शोधलं? इथल्या डॉक्टरांनी, इथल्या बाळांचे डोळे बघून. अमेरिकेतल्या बाळांना बघून कसं कळलं असतं?” यावर समोरचा मान डोलावतो आणि नेहमीचे पाचशे एकच देतो.

पण काकांची खरी दौलत म्हणजे त्यांच्या गोष्टी. डॉक्टर मॅडमच्या खोलीबाहेर बसून बसून, ग्रंथालयातली मासिकं उघडून त्यांनी त्या जमवल्या आहेत. सांगतात अशा, की आपण तिथे हजर होतो.

एक गोष्ट सिडनीची. 1941 साल. नॉर्मन ग्रेग नावाचे डोळ्यांचे डॉक्टर. जन्मतः मोतीबिंदू असलेली तान्ही बाळं त्यांच्याकडे एकामागून एक यायला लागली. कारण कळेना. बाहेर बाकावर बसलेल्या आया आपसात बोलत होत्या, ते त्यांच्या कानावर पडलं: मला दिवस गेले तेव्हा जर्मन गोवर आला होता. दुसरी म्हणाली, मलाही. ग्रेगनी अठ्ठ्याहत्तर बाळांची हकिगत गोळा केली आणि मांडलं की गरोदरपणीच्या रुबेलामुळे, म्हणजे याच जर्मन गोवरामुळे, बाळाच्या डोळ्यात मोतीबिंदू होतो. त्या आधी असं काही होऊ शकतं, यावर डॉक्टरांचाच विश्वास बसत नव्हता. “तुमच्या नातीला 2018च्या नोव्हेंबरात शाळेत गोवर-रुबेलाची लस टोचली ना? ताप आला म्हणून तुम्ही मुख्याध्यापिकेशी भांडायला गेला होतात? ती लस त्या बाकावरनं निघाली.”

दुसरी गोष्ट आल्फ्रेड नुडसन यांची. डोळ्याच्या पडद्याचा एक कर्करोग लहान मुलांना होतो, बहुतेक पाच वर्षांच्या आत. काही मुलांना दोन्ही डोळ्यांत होतो, काहींना एकाच. असं का? नुडसननी अठ्ठेचाळीस मुलांचे जुने केसपेपर काढले, वय आणि डोळे मांडून गणित केलं आणि 1971 साली सांगितलं की या कर्करोगाला दोन धक्के लागतात. ज्या मुलाला पहिला धक्का जन्मतःच मिळालेला असतो त्याला दुसरा लवकर पुरतो. पुढे 1986 मध्ये हे धक्के झेलणारं जनुकच हाती लागलं. कर्करोगाला अडवून धरणारं, माणसाच्या हाती सापडलेलं पहिलं जनुक. “अख्ख्या कर्करोगाच्या शास्त्राला वळण लागलं, ते लहान मुलांच्या डोळ्यातनं.”

गोष्टी उत्तम आहेत. पण मी एकदा या दोन्ही गोष्टी ऐकणाऱ्या हार्डवेअरवाल्यांचा चेहरा पाहत होतो. ते हिशेबी गृहस्थ. त्यांनी शांतपणे विचारलं, “म्हणजे एकाने बायकांच्या गप्पा ऐकल्या आणि एकाने जुने कागद वाचले?”

“हो!” काका खुलले.

“मग पैसे कशाला लागतात?”

काकांना एवढं गप्प झालेलं मी त्यानंतर एकदाच पाहिलं, ते पुढे सांगतो. त्या दिवशी घरी परतताना ते जिन्यात थांबून म्हणाले, “लेखक, खर्चिक शोधाची एक गोष्ट हवी.”

ती त्यांना मिळाली. आर्नल पॅट्झची. दुसऱ्या महायुद्धानंतरचा काळ, अमेरिका. कमी दिवसांची बाळं पेटीत ठेवून त्यांना मोकळ्या हाताने प्राणवायू द्यायची पद्धत आली आणि बाळं आंधळी व्हायला लागली. गंमत म्हणजे जेवढं रुग्णालय संपन्न, तेवढी आंधळी बाळं जास्त. वॉशिंग्टनच्या सार्वजनिक रुग्णालयातल्या या तरुण डॉक्टरला प्राणवायूचाच संशय आला. त्याने काही बाळांना भरपूर आणि काहींना बेताचा द्यायचं ठरवलं. तर रात्रपाळीच्या परिचारिका दयेपोटी गुपचूप बेतावरच्या बाळांचाही प्राणवायू वाढवून ठेवायच्या. संशोधनाला सरकारी पैसे मागितले, ते मिळाले नाहीत. मग पॅट्झनी भावाकडून पैसे घेतले. पुढे 1953-54 मध्ये अनेक रुग्णालयांनी मिळून मोठी चाचणी केली आणि गोष्ट सिद्ध झाली. तोवर जगभरात दहा हजारांच्या आसपास मुलांची दृष्टी गेली होती. पॅट्झना 1956 साली लास्कर पारितोषिक मिळालं.

“आणि मग प्राणवायू फारच कमी केला तर बाळं दगावतात हे कळलं,” काका घाईघाईने जोडतात, “म्हणजे परत संशोधन, परत पैसे.” ही पुरवणी ते कधीच विसरत नाहीत. हार्डवेअरचा धडा.

पॅट्झची गोष्ट ते पहिल्यांदा सांगत होते तेव्हा श्रोत्यांत दोन सख्खे भाऊ होते. वडिलोपार्जित वाड्याच्या वाटणीवरून बोलणं बंद, दोघांच्या खुर्च्यांमध्ये मुद्दाम एक मोकळी. गोष्ट संपली. थोरला पंख्याकडे बघत म्हणाला, “त्या भावाला पैसे परत मिळाले का?”

काका म्हणाले, “भाऊ होता तो. सावकार नव्हता.”

धाकट्याने त्या दिवशी हजार रुपये दिले. थोरल्याने अकराशे. बोलणं अजून बंदच आहे, पण दोघांच्याही पावत्या काकांकडे लागोपाठच्या क्रमांकाच्या आहेत आणि त्याचं त्यांना कोण समाधान!

हे सगळं ठीक. काकांचा उपद्रव सुरू होतो तो वाढदिवसांना. लहान मुलांचे फ्लॅशने काढलेले फोटो त्यांना बघायचे असतात. फ्लॅशमध्ये डोळे लाल दिसले तर काका खूश. सगळ्या जगाला लाल डोळ्यांचा फोटो खराब वाटतो, या माणसाला तो देखणा वाटतो. एक डोळा लाल आणि एक पांढरा दिसला की ते खुर्चीतून उठतात. त्या पांढऱ्या चकाकीमागे तो पडद्याचा कर्करोग असू शकतो, मोतीबिंदूही असू शकतो. अर्थात प्रकाश विशिष्ट कोनातून डोळ्याच्या नसेच्या मुखावर पडला तर ठणठणीत डोळाही पांढरा चमकतो, आणि केकवर सुरी धरलेलं पोर कधीच सरळ बघत नाही. काकांनी आमच्या विंगमधल्या तीन आयांना एका संध्याकाळी घाबरवलं. तिघींनी दुसऱ्या दिवशी डोळे तपासून घेतले, तिन्ही पोरं उत्तम, आणि तिघींनी त्यांना पुढच्या वाढदिवसाला बोलवायचं नाही असं ठरवलं. डॉक्टर मॅडमनीही त्यांना समज दिली: तपासून घ्या म्हणा, पण ‘कर्करोग’ हा शब्द केक कापायच्या आधी काढू नका. काका हे अक्षरशः पाळतात. केक कापून होईपर्यंत थांबतात.

पैशांच्या बाबतीत मात्र हा माणूस सोन्यासारखा चोख, आणि तितकाच छळवादी. मराठी माणूस देणगीवर शुभाचा एक रुपया चढवतो. पाचशे एक, हजार एक. इथपर्यंत काका आनंदी. दोन हजार एक रोख काढले की त्यांचा चेहरा पडतो. दोन हजारांच्या वरची देणगी रोखीने दिली तर ८०जी खाली करसवलत मिळत नाही. म्हणजे तो शुभाचा एक रुपया मागच्या दोन हजारांना घेऊन बुडतो. “एक रुपया परत घ्या.” “नको हो, शून्यावर शेवट बरा नाही.” “मग चेक द्या.” “चेकबुक घरी आहे.” “मी येतो घरी.” आणि येतात! एका बाईंनी कंटाळून दोन हजार रोख दिले आणि वरचा रुपया देवापुढे ठेवला. पुढे नव्या करप्रणालीत ८०जीची वजावटच नाही म्हटल्यावर काका आठवडाभर कोणाच्या घरी गेले नाहीत. हुकमाचं पान हातातून गेलं. आठवड्यानंतर आले ते नवं वाक्य घेऊन: “आता सवलतीचा मोह नाही म्हणजे शुद्ध दान. आधीचे सगळे कर वाचवायला देत होते.” आधी दिलेले आम्ही सगळे ओशाळलो आणि शुद्ध होण्यासाठी पुन्हा दिले.

कंपन्यांच्या पैशांची वाट त्यांना मीच सुचवली. मोठ्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात, 2013च्या कायद्याने. मी त्यांच्याबरोबर हिंजवडीला गेलो. काचेच्या खोलीत सीएसआरच्या बाई, वय जेमतेम तिशी, फार गोड बोलणाऱ्या. “काका, लाभार्थी किती?”

“आज जन्मलेले नाहीत अजून.”

बाईंनी टाइप करणं थांबवलं. “म्हणजे आकडा?”

“शोध लागला तर पुढे जन्मणारी सगळी. नाही लागला तर कोणीच नाही.”

“आणि कधीपर्यंत लागेल? मार्चअखेर रिपोर्ट द्यावा लागतो.”

काका खरं बोलणारे. “ग्रेगचा शोध 1941चा. रुबेलाची लस यायला 1969 उजाडलं. तुमची मार्चअखेर म्हणजे हीच मार्चअखेर का?”

बाईंनी आम्हाला कॉफी पाजली आणि शाळांतून दोन हजार चष्मे वाटायचा कार्यक्रम मंजूर केला. कार्यक्रम चांगलाच होता, त्याबद्दल तक्रार नाही. फळ्यावरचं न दिसणाऱ्या पोराला चष्मा मिळाला तर त्याचं जग बदलतं. पण चष्म्यांच्या पेट्या उचलताना काका पुटपुटत होते, “नंबर वाढतोच का पोरांचा, हे नको का कोणी बघायला?” ते बघितलंही गेलंय म्हणा. चीनमध्ये ग्वांगजौच्या शाळांत रोज चाळीस मिनिटं जादा बाहेर काढलेल्या मुलांमध्ये लांबचं न दिसण्याचा दोष कमी आढळला, 2015चा अहवाल आहे. काकांनी तो सोसायटीच्या सभेत वाचून दाखवला आणि पार्किंगमध्ये क्रिकेट खेळण्यावरची बंदी उठवून घेतली. माझ्या गाडीची काच त्यानंतरच्याच आठवड्यात फुटली. संशोधनाची किंमत कोणीतरी मोजतोच.

मोठ्या दात्यांच्या कथाही ते बाळगून असतात. एल. व्ही. प्रसाद हे ‘आलम आरा’त छोटी भूमिका केलेले, पुढे निर्माते-दिग्दर्शक झालेले गृहस्थ; त्यांच्या घराण्याने हैदराबादला बंजारा हिल्सवर पाच एकर जागा आणि एक कोटी रुपये दिले आणि तिथे डोळ्यांची संस्था उभी राहिली, संशोधनासकट. मुळशीकडे जमीन असलेला कोणीही भेटला की काका ‘आलम आरा’चा विषय काढतात. आता मुळशीची माणसं चित्रपटाचं नाव ऐकलं की उठतात.

आणि मग आले भांडीवाले शेठ. रविवार पेठेत तीन पिढ्यांचं दुकान. दानशूर माणूस, पण दान दिसलं पाहिजे हा बाणा. वडिलांच्या स्मरणार्थ शाळेला दिलेल्या घड्याळावर नाव एवढं मोठं आहे की काटे त्याच्यावरून फिरतात. सव्वातीनला वडिलांचं आडनाव झाकलं जातं आणि शेठ त्या वेळेला शाळेसमोरून जात नाहीत. अशा माणसापुढे काकांनी संशोधन मांडलं. शेठनी सगळं ऐकलं, चहा मागवला, आणि म्हणाले, “साहेब, पाटी कुठं लागणार?”

हेच ते दुसरं मौन. काकांनी शबनममधून एक इंग्रजी शोधनिबंध काढला, शेवटचं पान उलगडलं आणि आभाराच्या ओळीवर बोट ठेवलं. इथे देणगीदारांची नावं येतात. शेठनी चष्मा लावला, काढला, सोनं पारखायचं भिंग मागवलं. “माझ्या वडिलांचं नाव वाचायला माणसाला डोळ्यांचा डॉक्टर लागंल.”

माझा अंदाज होता, इथे संपलं. पण वसुलीच्या माणसाला ‘नाही’ हा शब्द आजच्या तारखेपुरताच ऐकू येतो. काका डॉक्टर मॅडमकडे गेले आणि विभागात सगळ्यात मोठी, सपाट, उभी वस्तू कोणती ते विचारून आले. निघाला फ्रीझर. उणे ऐंशी अंशांचा. कर्करोग झालेल्या मुलांच्या गाठींचे तुकडे, त्यांचं आणि आईवडिलांचं रक्त, सगळं त्यात वर्षानुवर्षं जपून ठेवायचं. कुटुंबातला जनुकाचा दोष एकदा नेमका सापडला की पुढच्या भावंडाचं रक्त तपासता येतं. दोष नसेल तर ते पोर पुन्हापुन्हा भूल देऊन डोळे तपासण्यातून सुटतं, आणि असेल तर जन्मापासून लक्ष ठेवून डोळा वाचवता येतो. जुना फ्रीझर भरला होता, नव्याला पैसे नव्हते. आणि नव्याचं दार जवळजवळ दुकानाच्या शटरच्या अर्ध्या रुंदीचं, पांढरंशुभ्र, सपाट.

शेठनी दार मोजायला कारागीर पाठवला. मगच चेक दिला.

अर्पण सोहळ्याला शेठचा सगळा गोतावळा आला. पाटी पितळेची, दुकानातच ठोकून घडवलेली, अक्षरं घासून लखलखीत. मला ती आवडली, उगाच खोटं कशाला बोलू. फ्रीझरला हार घातला, कुंकवाने स्वस्तिक काढलं. नारळ फोडायचा आग्रह झाला तेव्हा मॅडमनी प्रयोगशाळेत पाणी सांडू नये म्हणून तो बाहेर पायरीवर फोडायला लावला. दार उघडून दाखवा म्हणाले; एकदाच उघडलं, आत पांढरी वाफ, छोट्या डब्यांच्या ओळी, आणि मॅडम घड्याळाकडे बघत. शेठच्या मातोश्रींनी आत डोकावून हात जोडले. बंद करा, बंद करा, म्हणत मॅडमनी दार लावलं, तसा पाटीवर कॅमेऱ्याचा फ्लॅश चमकला.

शेठ पाटीवरून हात फिरवत उभे होते. आत काय काय आहे, किती वर्षं राहतं, ते मॅडमना विचारत होते. मध्येच थबकले.

“मॅडम, आणि लाइट गेली तर?”

“दुसऱ्या इमारतीचा जनरेटर आहे, पण त्याचा भार इकडे पुरत नाही. सध्या आम्ही कोरडा बर्फ मागवतो. रात्री-अपरात्री पळापळ होते.”

“म्हणजे वितळंल?”

“फार वेळ गेली तर, हो.”

शेठनी पाटीकडे पाहिलं. वडिलांच्या नावाखालचं सगळं एका रात्रीत वितळलेलं त्यांच्या डोळ्यांपुढे आलं असावं. काका शेजारीच होते. एक शब्द बोलले नाहीत. फक्त खिशातलं देणगीदाराचं पेन काढून टोपण उघडलं.

“साहेब,” शेठ म्हणाले, “जनरेटरला पाटी लावाया जागा किती असती?”